हायब्रिड गाडीचे ॲव्हरेज एकाएकी २२ वरून १७ वर: शोध कोठून सुरू करावा?

राजेंद्रनगरकर

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे मध्यम आकाराची स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिनाबरोबर विजेच्या मोटरवरही चालणारी) एसयूव्ही असून तिचा मुख्य वापर इंदूरच्या राजेंद्रनगरातून राऊमार्गे पीथमपूरला जाण्यायेण्यासाठी होतो. घेतल्यापासून तिने लिटरला २२ किलोमीटरच्या आसपास ॲव्हरेज दिले आणि भर मे महिन्यात एसी चालवूनही ते २० च्या खाली क्वचितच गेले. दिवाळीनंतर मात्र हा आकडा उतरू लागला आणि आता जानेवारीत १७ वर येऊन ठेपला आहे. डॅशबोर्डवर एकही दिवा लागलेला नाही, ओढ कमी झालेली नाही, आवाजही बदललेला नाही. सर्व्हिस सेंटरने "थंडीत एवढे होतेच" असे सांगून गाडी धुऊन परत दिली, तर शेजाऱ्यांनी हायब्रिड बॅटरी संपत आल्याचे निदान केले आणि तिच्या किमतीचा आकडा ऐकवून घरातल्यांची झोप उडवली.

या काळात बदललेल्या गोष्टी लिहितो. दिवाळीपूर्वी चारही टायर नवे घातले. सकाळी हीटर लावावा लागतो. मुलीला क्लासला सोडण्याआणण्याच्या दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या वाढल्या आहेत. गाडीच्या कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला तक्रार करायची नसून कारण शोधायचे आहे.

पोहेजिलेबी

कारण पेट्रोलमध्येच आहे. २० टक्के इथेनॉल मिसळलेले इंधन भरायचे आणि जुन्या ॲव्हरेजची अपेक्षा ठेवायची, हे कसे जमणार? आमच्या विजयनगरच्या सोसायटीत ज्याच्याकडे गाडी आहे त्याची हीच तक्रार आहे, मग ती हायब्रिड असो वा साधी.

जुने_गॅरेज

इथेनॉलचा वाटा आहेच, परंतु तो किती हे मोजल्याशिवाय सगळा दोष त्याच्या माथी मारता येणार नाही. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते. म्हणजे २० टक्के मिश्रणात शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत साधारण ७ टक्के आणि पूर्वीच्या १० टक्के मिश्रणाच्या तुलनेत साडेतीन टक्क्यांच्या आसपास ऊर्जा कमी मिळते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही, मूळ शुद्ध पेट्रोलसाठी रचलेल्या आणि १० टक्के मिश्रणाला जुळवून घेतलेल्या चारचाकी गाड्यांच्या बाबतीत ६ ते ७ टक्के घट धरली होती. २२ वरून १७ म्हणजे जवळजवळ २३ टक्के घट झाली. शिवाय हे मिश्रण फेब्रुवारी २०२३ पासून टप्प्याटप्प्याने पंपांवर येत गेले आहे; दिवाळीच्या पाडव्याला ते अचानक अवतरलेले नाही. त्यामुळे राजेंद्रनगरकरांना २२ चा आकडा मिळत होता, तोही बऱ्याच अंशी याच इंधनावर मिळत असणार.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मी आयुष्यभर वर्कशॉपमध्ये काम केले आणि शेवटची काही वर्षे हायब्रिड गाड्या पाहण्यात गेली, त्या अनुभवावरून सांगतो की माणसे घाईघाईने सुटा भाग शोधू लागतात, तेथेच गाडे अडते. हायब्रिड गाडीची बचत मुख्यतः इंजिन बंद ठेवण्यातून होते. सिग्नलला, रांगेत सरकताना, उतारावर आणि हलक्या वेगात इंजिन थांबते आणि मोटर काम करते. म्हणून ॲव्हरेज पडले की दोनपैकी एक गोष्ट घडत असते. एक तर इंजिन बंद राहायला हवे तेव्हा ते चालू राहते, किंवा चालू असताना त्याला पूर्वीपेक्षा जास्त भार ओढावा लागतो. पहिल्या प्रकारात बॅटरी, तापमान, हीटर, एसी आणि छोट्या फेऱ्या येतात. दुसऱ्यात टायर, हवा, अलाइनमेंट (चाकांची सरळ रेषेतली जुळणी), घासणारे ब्रेक, छतावरचा कॅरिअर आणि महामार्गावरचा वेग येतो. या दोहोंपैकी आपली गाडी कोठे बसते हे ठरले की अर्धे काम झाले, आणि ते ठरवायला पैसाही लागत नाही.

तेव्हा कृपया एवढेच पाहून सांगा. गाडी अर्धा तास चालून नीट गरम झाल्यावर, बॅटरीच्या पट्ट्या निम्म्याहून अधिक भरलेल्या असताना, सिग्नलला इंजिन बंद होते का? फेरी संपल्यावर पडद्यावर इलेक्ट्रिकवर चाललेल्या वेळेची किंवा अंतराची टक्केवारी येत असेल तर ती पूर्वी किती असे आणि आता किती आहे? आणि १७ हा आकडा पडद्यावरचा आहे की टाकी फुल करून काढलेला आहे? टाकी फुल करून काढला असला तरी एका टाकीवर विश्वास ठेवू नये. नोझल एका पंपावर लवकर कट झाले आणि दुसऱ्यावर उशिरा, तर अडीच लिटरचा फरक सहज पडतो, आणि ४० लिटरमध्ये अडीच लिटर म्हणजे ६ टक्के होतात.

दांडियाबाजार

वडोदऱ्याहून लिहीत आहे. आमच्या जुन्या हायब्रिड सेडानमध्ये याच प्रकारची घसरण झाली होती आणि कारण मागच्या सीटच्या बाजूच्या जाळीत निघाले. अनेक हायब्रिड गाड्यांत बॅटरी थंड ठेवण्यासाठी केबिनमधलीच हवा पंख्याने ओढली जाते आणि तिच्या तोंडाशी एक जाळी किंवा बारीक फिल्टर असतो. आमच्याकडे लॅब्रॅडॉर आहे. जाळी काढली तेव्हा आत त्याच्या केसांची आणि धुळीची अशी नमद्यासारखी घट्ट गादी जमलेली होती की ती बोटांनी अखंड सोलून निघाली. हवा न मिळाल्यामुळे बॅटरी तापत होती, आणि तापलेल्या बॅटरीत भरायची आणि काढायची वीज संगणक स्वतःहून कमी करतो. परिणामी ब्रेक मारताना परत मिळणारी वीज वाया जात होती आणि इंजिन वारंवार सुरू होत होते. लक्षण सांगायचे तर मागच्या सीटजवळून पंख्याचा घरघराट ऐकू यायचा आणि बॅटरीच्या पट्ट्या पाहता पाहता वरखाली व्हायच्या. जाळीवर पिशव्या, उश्या, शाल असे काही ठेवत असाल तर आधी ते काढावे.

मात्र जाळीपलीकडे काही उघडू नये. नारिंगी रंगाच्या जाड वायरी दिसल्या की तेथून हात मागे घ्यावा. त्यांतला विजेचा दाब जिवावर बेतण्याइतका असतो.

राजेंद्रनगरकर

जुने गॅरेज काका आणि दांडियाबाजार, दोघांचेही आभार. जाळी पाहिली, ती स्वच्छ आहे आणि पंख्याचा आवाज मुळीच येत नाही. पडद्यावर १८ दिसतात. एकाच पंपावर, ऑटो कटला थांबून काढलेला हिशेब १७ च्या जरासा वर येतो.

काकांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मात्र मलाच चकित करून गेले. राऊ चौकापर्यंत येताना बॅटरी तीन चतुर्थांश भरलेली असते, तरीही गाडी थांबल्यावर इंजिन चालूच राहते. पूर्वी तेथे पूर्ण शांतता असायची. इलेक्ट्रिकवर चाललेल्या वेळेची टक्केवारी पूर्वी ५० ते ५५ असे, ती आता ३० च्या आसपास आली आहे.

लष्करवाला

मग थंडीच. ग्वाल्हेरला जानेवारीत पारा चार-पाच अंशांवर जातो आणि माझ्या हायब्रिडचे ॲव्हरेज दर वर्षी दोन-तीन किलोमीटरने उतरते, होळीनंतर आपोआप वर येते. यात बिघाड काहीच नसतो. इंजिन आणि धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर ठरावीक तापमानाला येईपर्यंत संगणक इंजिन बंद होऊ देत नाही. त्यातच हीटर लावला की केबिन गरम करायला इंजिनाची उष्णता लागते, मग बॅटरी भरलेली असली तरी केवळ आपले पाय शेकण्यासाठी इंजिन चालत राहते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचे आकडे पाहिले तर शहरातल्या छोट्या फेऱ्यांत, २५ अंशांच्या तुलनेत उणे ७ अंशांना साध्या पेट्रोल गाडीचे ॲव्हरेज साधारण १५ टक्क्यांनी पडते, तर हायब्रिडचे ३० ते ३४ टक्क्यांनी. म्हणजे हायब्रिडला थंडी दुप्पट बाधते. तुमच्या मुलीच्या क्लासच्या फेऱ्या तर इंजिन गरम होण्याआधीच संपतात. त्या फेऱ्यांपुरती गाडी हायब्रिड उरतच नाही.

जुने_गॅरेज

लष्करवाला यांनी सांगितलेली यंत्रणा अगदी बरोबर आहे, आणि सर्व्हिस सेंटरचे म्हणणेही त्या अर्थाने खोटे नाही. पण उणे ७ अंशांचे आकडे इंदूरला लावता येत नाहीत. येथे पहाटे पारा आठ-दहा अंशांवर आला तरी दुपारी पंचवीसच्या पुढे जातो. छोट्या फेऱ्यांचे नुकसान मला मान्य आहे. परंतु राजेंद्रनगरकर जी गोष्ट सांगत आहेत ती पीथमपूरच्या लांब फेरीतली आहे. बराच वेळ चाललेली गाडी, भरलेली बॅटरी आणि तरीही थांबल्यावर चालू राहणारे इंजिन, ही लक्षणे एकत्र आली की मी थंडीवर बोळवण करू देणार नाही.

बॅटरीवरचा संशयही येथे जवळजवळ फिटतो. तिचे सेल असमान झाले असते तर पट्ट्या झरझर भरल्या आणि उतरल्या असत्या, पंखा ओरडला असता आणि पुढेमागे दिवाही लागला असता. येथे बॅटरी भरून स्थिर आहे, तिच्याकडे कोणी वीजच मागत नाही. शेजाऱ्यांना सांगावे की भारतात टोयोटा आणि मारुती या कंपन्या हायब्रिड बॅटरीवर ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी देतात. इतर कंपनीची असेल तर पुस्तिकेत पाहावे. किमतीच्या आकड्याने झोप घालवण्याचे कारण नाही.

दोन गोष्टी करून पाहाव्यात. दुपारच्या फेरीत हीटर पूर्ण बंद ठेवून इंजिन थांबते का ते पाहावे. थांबले तर दोष हीटरच्या मागणीचा आहे. थांबले नाही तर स्टिअरिंगच्या खालच्या सॉकेटला ब्लूटूथ स्कॅनर जोडून मोबाइलवर कूलंटचे, म्हणजे इंजिनाची उष्णता वाहून नेणाऱ्या द्रवाचे, तापमान पाहावे. आजकालच्या अनेक गाड्यांत तापमानाचा काटा नसतो, फक्त थंड असल्याचा निळा दिवा असतो, आणि तो तर लवकरच विझतो. त्यामुळे इंजिन खरोखर किती गरम झाले हे चालकाला कळतच नाही.

पलासिया_चौक

नव्या टायरांचा मुद्दा सगळ्यांनी सोडून दिला आहे. कंपनीतून येणारे टायर बहुधा घर्षण कमी राहील अशा रबराचे असतात, आणि दुकानदार आपल्याला "पकड जास्त, आयुष्य जास्त" असे सांगून भारी टायर घालून देतो. त्यात अलाइनमेंट राहून गेली की संपलेच. थंडीत हवाही उतरते. तापमान १० अंशांनी खाली आले की दीड-दोन पीएसआय कमी होतात.

आणखी एक. हायब्रिडमध्ये वेग बराचसा मोटरच कमी करते, त्यामुळे खरे ब्रेक पॅड कमी वापरले जातात आणि पावसाळ्यानंतर कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या पकडीच्या) पिना गंजून अडकतात. मग पॅड चाकाला सतत घासत राहतो. लांब फेरी करून, शेवटी जोराचा ब्रेक न लावता गाडी थांबवावी आणि चारही रिमजवळ तळहात न्यावा, टेकवू नये. एक चाक त्याच्या जोडीच्या चाकापेक्षा स्पष्टपणे तापलेले असेल तर तेथे ब्रेक धरून बसला आहे. ओढ कमी न वाटण्याचे कारण असे की मोटर ती उणीव गुपचूप भरून काढते.

जुने_गॅरेज

मुद्दा योग्य आहे आणि मोजणीत तो धरलाच पाहिजे, पण ही सगळी दुसऱ्या प्रकारातली कारणे आहेत. घासणारा ब्रेक किंवा जड टायर थांबलेल्या गाडीचे इंजिन चालू ठेवत नाही. हवेचे म्हणाल तर अमेरिकी ऊर्जा खात्याच्या मते चारही टायरांत सरासरी एक पीएसआय कमी असेल तर साधारण ०.२ टक्के इंधन जास्त जाते. हवा जरूर तपासावी, सुरक्षिततेसाठी तर नक्कीच. पण दोन पीएसआयने पाच किलोमीटरची घट होत नाही.

राजेंद्रनगरकर

सर्वांच्या सूचनांप्रमाणे तपासणी केली. चारही रिम जवळजवळ सारखेच कोमट निघाले. हवा कमी होती, ती थंड टायरांत दरवाजाच्या चौकटीवरील पट्टीप्रमाणे भरून घेतली. दुपारी हीटर बंद ठेवूनही राऊ चौकात इंजिन चालूच राहिले, म्हणून स्कॅनर मागवला.

राजेंद्रनगरच्या वस्तीतून हळूहळू जाताना कूलंटचे तापमान ६५ अंशांपर्यंत चढले. एबी रोडला लागून ऐंशीच्या वेगाने जाऊ लागल्यावर ते आणखी वाढण्याऐवजी उतरू लागले, पुढे बायपासवर ५४ पर्यंत आले आणि पीथमपूरला पोहोचेपर्यंत ६० ओलांडले नाही. आता आठवते की हीटरची हवाही शहरात बरी गरम असे आणि महामार्गावर कोमट होई. आम्ही ते थंडीच्या खाती जमा करत होतो.

जुने_गॅरेज

थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे. याहून स्वच्छ लक्षण क्वचितच मिळते.

थोडे विस्ताराने सांगतो, म्हणजे इतरांनाही उपयोग होईल. थर्मोस्टॅट ही कूलंटच्या वाटेतली मेणाची झडप असते. इंजिन थंड असताना ती बंद राहून कूलंटला रेडिएटरकडे जाऊ देत नाही आणि बहुतेक गाड्यांत ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडू लागते. ती उघडीच अडकली तर कूलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरत राहतो. शहरात वारा कमी असल्यामुळे थोडी उष्णता टिकते. वेग वाढला की समोरच्या वाऱ्याने रेडिएटर थंड होतो आणि तापमान उलटे खाली येते. निरोगी गाडीत वेग वाढवल्यावर तापमान असे घसरत नाही.

साध्या पेट्रोल गाडीत हा बिघाड झाला तर थोडे पेट्रोल जास्त जाते आणि मालक वर्षभर तशीच गाडी चालवतो. हायब्रिडमध्ये मात्र त्याची किंमत कितीतरी पटींनी मोजावी लागते, कारण इंजिन बंद करण्याची परवानगी कूलंटच्या तापमानाशी बांधलेली असते. अनेक रचनांत साधारण ७० अंशांच्या आसपास पोहोचेपर्यंत संगणक गाडी गरम झाली असे मानतच नाही. तुमची गाडी पीथमपूरपर्यंतचा सगळा रस्ता सकाळच्या पहिल्या पाच मिनिटांच्या अवस्थेत काढत होती. बॅटरी भरलेली होती ती याच कारणाने. वर हीटर लावला की त्याच अपुऱ्या उष्णतेत आणखी एक वाटेकरी येतो. मेमध्ये बाहेरच ४२ अंश असताना हा दोष दिसला नसता, कदाचित तो तेव्हापासूनच हळूहळू सुरू झाला असेल.

दिवा का लागला नाही, हा प्रश्न कोणी विचारण्याआधीच उत्तर देतो. इंजिन अपेक्षित वेळेत गरम झाले नाही यासाठी पी०१२८ हा ठरलेला कोड आहे, पण तो नोंदवण्यापूर्वी संगणक ठरावीक अटी पूर्ण होण्याची वाट पाहतो आणि लहान फेऱ्यांत त्या पूर्ण होत नाहीत. स्कॅनरमध्ये प्रलंबित कोड पाहावेत. सर्व्हिस सेंटरला "ॲव्हरेज कमी आहे" असे सांगू नये. तापमानाच्या आलेखाचा स्क्रीनशॉट दाखवून "बायपासवर कूलंट ५४ अंशांवर येतो" असे सांगावे. पहिल्या वाक्याला थंडीचे उत्तर आहे, दुसऱ्याला नाही.

पोहेजिलेबी

एक शंका. एअर फिल्टर आणि लहान १२ व्होल्टची बॅटरी यांच्याबद्दल कोणीच बोलले नाही. आमचा मिस्त्री सर्वांत आधी त्याच दोन गोष्टी बदलायला सांगतो.

जुने_गॅरेज

तो कार्ब्युरेटरच्या काळातला सल्ला आहे. इंजेक्शनच्या इंजिनात हवा कमी आली तर संगणक त्या प्रमाणात पेट्रोलही कमी सोडतो. अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये हे तपासले, तेव्हा चोंदलेल्या फिल्टरने वेग घेण्याची क्षमता घटली, पण ॲव्हरेजमध्ये दखल घेण्यासारखा फरक पडला नाही. फिल्टर वेळेवर बदलावा, ॲव्हरेजच्या आशेने बदलू नये. १२ व्होल्टची बॅटरी कमकुवत झाली की गाडी सुरू न होणे किंवा भलतेच दिवे लागणे असे प्रकार होतात, पाच किलोमीटरची घट होत नाही. मात्र ती काढून जोडली तर अनेक गाड्यांत पडद्यावरचे सरासरी ॲव्हरेज नव्याने मोजायला सुरुवात होते आणि मालकाला वाटते की काहीतरी बिघडले किंवा सुधारले.

मिस्त्रीला विचारायचेच असेल तर तेलाबद्दल विचारावे. अनेक हायब्रिड इंजिनांना ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० असे अतिशय पातळ तेल सांगितलेले असते. बाहेरच्या गॅरेजमध्ये त्याऐवजी डब्यात जे जाड तेल असेल ते ओतले जाते आणि पुन्हा पुन्हा थंड अवस्थेत सुरू होणाऱ्या इंजिनाला ते जड जाते.

राजेंद्रनगरकर

स्क्रीनशॉट दाखवल्यावर संभाषणाचा सूरच बदलला. थर्मोस्टॅट वॉरंटीत बदलून मिळाला आणि काढलेला भाग मी मागून घेतला. तो गार असतानाही झडप पूर्ण मिटलेली नव्हती. तिच्या कडेला नखाच्या जाडीची फट स्पष्ट दिसत होती.

आता महामार्गावर कूलंट ८४ ते ८८ अंशांदरम्यान राहतो, राऊ चौकात पुन्हा शांतता आहे आणि इलेक्ट्रिकची टक्केवारी ५० वर आली आहे. लागोपाठच्या टाक्यांचे ॲव्हरेज २० ते २०.५ येते. उरलेला दीड किलोमीटर कोठे गेला असावा?

जुने_गॅरेज

थोडा थंडीत आणि क्लासच्या फेऱ्यांत. तो मार्चमध्ये परत येईल. उरलेला टायरांत, आणि त्यातलाही काही भाग केवळ कागदावरचा आहे. तुमच्यासारख्या गाडीच्या चाकाची त्रिज्या ३४५ मिलिमीटरच्या आसपास असते. जुन्या टायरची नक्षी झिजून दोन मिलिमीटर उरली असेल आणि नव्याची आठ असेल, तर त्रिज्या सहा मिलिमीटरने वाढते. चाक मोठे झाले की तेवढ्याच अंतरासाठी ते कमी फिरते, आणि ओडोमीटर फेरे मोजत असल्यामुळे तो पावणेदोन टक्के अंतर कमी दाखवतो. २२ च्या हिशेबात हे जवळजवळ ०.४ किलोमीटर होतात, जे गाडी खरोखर चालली पण नोंदले गेले नाहीत. राजेंद्रनगर ते पीथमपूर अंतर मोबाइलच्या जीपीएसवर एकदा मोजून ओडोमीटरशी ताडून पाहावे.

अलाइनमेंटचा कागद टायरवाल्याने दिला असेल तर त्यावरील पुढच्या चाकांचा टो (चाके आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत तो आकडा) येथे टाकावा. नसेल दिला, तर ते काम झालेले नाही असेच धरून चालावे.

राजेंद्रनगरकर

कागद दिलेला नाही. शनिवारी गाडी अलाइनमेंटला नेतो आणि आकडे येथे लिहितो.